सुनेचा समुद्र

मी निघाले तेव्हा हर्णैच्या वाळूवर लिलाव चालू होता. २०२० सालचा फेब्रुवारी. मुंबईच्या विमानतळावर नेणारी गाडी वर रस्त्यावर उभी होती आणि ड्रायव्हर हॉर्न वाजवत होता. माझ्या अंगावर प्रवासाची नवी साडी, पण हात बांगडा मासळीच्या राशीत. अर्धा लिलाव सोडून उठणं मला जमेना. शेवटी माझ्या जावेनं, सुगंधानं, माझ्या हातातली पाटी ओढून घेतली.

"जा गो ताई. तीन महिन्यांत काय समुद्र आटत नाही."

कुणी रडलं नाही. मी वळून पाहिलं ते फक्त सुगंधा रास नीट लावते का ते बघायला. नीट लावत होती. माझ्यापेक्षा नीट. तेव्हा पोटात जे टोचलं ते विमानात बसल्यावरही टोचत होतं. लोक म्हणतात गाव सोडताना माया दाटून येते. मला हेवा वाटत होता, दुसरं काही नाही.

तिकडे वाळूवर बसलेल्या बायांनो, आणि माझ्यासारख्या मुलाकडे म्हणून परदेशी येऊन बसलेल्या बायांनो, तुमच्यासाठी हे लिहितेय. माझी शाळा चौथीपर्यंत. लिहिण्यात चूक असेल ती असो.

मुलगा प्रशांत डब्लिनच्या बाहेर ॲडम्सटाउन म्हणून वसाहत आहे तिथे राहतो. हृदयात बसवायच्या नळ्या करतात त्या कारखान्यात इंजिनीयर आहे. सून अनघा पुण्याची. नात रेवा सहा वर्षांची. ती मराठी सगळं समजते आणि उत्तर इंग्रजीत देते, तेही इथल्या हेलात. मी आले आणि महिन्याभरात करोनानं सगळं बंद झालं. आधी घरापासून दोन किलोमीटर, मग पाच. त्यापुढे जायचं नाही. मधे थोडं सुटलं, पण माझ्या वयाला धोका म्हणून मला कुठे नेलं नाही, आणि थंडी आल्यावर पुन्हा पाच. मी प्रशांतला विचारलं, "समुद्र किती लांब?" तो म्हणाला, "आई, वीसेक किलोमीटर. पण आता नाही जाता येणार." चारी बाजूंनी पाणी असलेला देश आणि मला खाऱ्या पाण्याचा वास येत नाही. जन्मापासून सत्तर वर्षं समुद्राच्या उशाशी झोपले, आणि आता खिडकीतून काय दिसतं, तर स्टेशनात रिकामी येणारी आणि रिकामी जाणारी आगगाडी.

समुद्र त्या घरात एकाच ठिकाणी होता. अनघाच्या कॉम्प्युटरवर.

अनघाचं काम असं: लांब उत्तरेला, अलास्काच्या बाजूला, खडकाळ बेटं आहेत. त्यांवर समुद्रसिंह, सीलसारखी मोठी जनावरं, विणीला येतात. म्हशीएवढे नर, त्याहून लहान माद्या आणि काळी काळी पिल्लं. विमानातून त्यांचे फोटो काढतात. दरवर्षी किती पिल्लं झाली ते फोटो बघून मोजायचं. माझ्या लग्नाच्या सुमाराला त्या बेटांवर पाय ठेवायला जागा नसायची म्हणे. मग ते कमी होत गेले. का कमी झाले, त्यावर शास्त्रज्ञांची भांडणं आहेत.

माझी सून मासे खात नाही. पुण्याच्या त्यांच्या घरात अंडंसुद्धा येत नव्हतं. मी सुका बोंबील आणला होता तो तिनं तीन पिशव्यांत गुंडाळून प्रेसमध्ये सगळ्यात वर ठेवला. इथे भिंतीतल्या कपाटाला प्रेस म्हणतात. आणि हीच बाई दिवसभर खुर्चीत बसून समुद्र बघणार, आणि जन्मभर खाऱ्या पाण्यात पाय भिजवलेली मी लसूण सोलणार. मी तिच्या पाठीमागे उभी राहायचे. ती म्हणायची, "आई, तुम्ही बसा ना निवांत." निवांत बसणं हे मला शिकवलेलंच नाही.

एकदा तिनं चित्रफीत लावली. ओर्का नावाचा काळा-पांढरा देवमासा. इंग्रजीत त्याला मारेकरीच म्हणतात. पाच-सहा ओर्कांनी एका समुद्रसिंहाच्या पिल्लाला खडकापासून तोडून आत नेलं आणि शेपटीनं उडवून उडवून मारलं. रेवा ओरडली, "आजी, दॅट्स सो मीन!"

मी म्हटलं, "मीन काय त्यात? त्या मारणारीच्या पाठीमागे पोरं आहेत. मीही मासळीच्या माना मोडून तुझ्या बापाला मोठं केलं."

"यू डिड नॉट!"

"विचार त्याला."

अनघा हसली. मग तिनं सांगितलं ते मी विसरत नाही. पुढे पोहत होती ती म्हातारी. आजी. शिकार कुठे मिळेल ते तिला ठाऊक, म्हणून बाकीचे मागे. नुसते मासे खाणारे ओर्का असतात, त्यांच्यात तर मुलगा मरेपर्यंत आईला सोडून जात नाही. चांगला बाप्या झाला तरी आईच्या बाजूनं पोहतो आणि ती आपल्या तोंडातला मासा तोडून त्याला देते. हे समुद्रसिंह मारणारे जरा वेगळे, पण त्यांच्यातही थोरला मुलगा बहुधा आईजवळच राहतो.

"आणि सून?" मी विचारलं.

"सून नसतेच, आई. नर दुसऱ्या कळपातल्या मादीला भेटतो आणि परत आईकडे येतो."

प्रशांत तिकडे कांदा चिरत होता. तो म्हणाला, "आई, असं बघू नकोस माझ्याकडे."

सगळे हसले, मीही हसले. पण मला त्या काळ्या म्हातारीचा राग आला. बर्फाच्या पाण्यात राहते, शाळेत गेली नाही, आणि तिला सगळं मिळालंय.

अनघाला मी विचारलं की समुद्रसिंह कमी झाले ते त्या म्हातारीच्या जातीनं खाल्ले म्हणून का. ती म्हणाली, "काही जण तसं म्हणतात. माणसांनी मोठे देवमासे मारून संपवले, मग ओर्कांनी खायला सील धरले, मग समुद्रसिंह. काही म्हणतात, तसं नाही, बोटींनी मासेच कमी केले, आया उपाशी, म्हणून पिल्लं जगत नाहीत."

"आणि तू काय म्हणतेस?"

"मी आधी मोजते."

मला ते उत्तर आवडलं, आणि तिच्या तोंडून आलं म्हणून आवडलं नाही.

मोजायचा नियम असा की दोन माणसांनी वेगवेगळं मोजायचं. एकमेकांचे कागद बघायचे नाहीत. मग आकडे जुळवायचे. अनघाच्या जोडीला मोजणारी मुलगी होती, तिला मूल झालं आणि तिनं काम सोडलं. अनघाला माणूस मिळेना. जानेवारी २०२१ असेल. मी तिच्या पाठीमागून जाता जाता म्हटलं, "त्या खडकावर नर तेवीस आहेत." तिनं मोजले. तेवीस.

"आई, तुम्ही मोजाल का?" तिनं विचारलं.

मला कॉम्प्युटरचा उंदीर हातात धरून पडद्यावरचा तो बाण हलवायला जमलं नाही. तो पळतो. म्हणून तिनं फोटो मोठ्या कागदांवर छापले. मी टेबलाच्या एका टोकाला बसले, पेन्सिल घेतली, वाटीत राजमा घेतला. पिल्लावर टिंब, आणि शंभर झाले की एक दाणा बाजूला. आमच्याकडे मोजणी 'एक'पासून करत नाहीत, 'लाभ' म्हणून सुरुवात. मी पुटपुटत मोजत होते ते अनघानं ऐकलं आणि दचकली.

"आई, लाभ म्हणजे एकच ना? की लाभ झाल्यावर एक?"

"लाभ म्हणजेच एक. नंतर दोन. मी काय वेडी आहे?"

तिचं समाधान झालं. माझी आई म्हणायची, मोजणारीनं मोजताना मान वर करायची नाही, समोर राजा आला तरी. मी मान वर केली नाही. तीन आठवडे मी त्या खुर्चीत बसले आणि मला पहिल्यांदा या देशात भूक लागली.

आकडे जुळवले तेव्हा मोठ्या जनावरांचे बरोबर जुळले. पिल्लांचेही जिथे थोडी होती तिथे जुळले. गर्दीच्या फोटोंत माझा आकडा कमी यायचा. एका खडकावर तिची तीनशे वीस, माझी तीनशे आठ. दुसऱ्यावर तसंच. दरवेळी तीच जास्त, मीच कमी. अनघा विचारात पडली. म्हणाली, "गर्दी असली की मी काळे दगडही पिल्लं म्हणून धरतेय बहुतेक. तुमची नजर पक्की आहे." ती परत बसली आणि शंका येईल ते टिंब पुसायला लागली.

मला बरं वाटलं. खोटं कशाला लिहू? एवढी शिकलेली बाई माझ्या आकड्यासाठी आपला आकडा खाली आणत होती. प्रशांत जेवताना म्हणाला, "आई, अनघा म्हणते तुझी नजर भारी आहे." मी म्हटलं, "मासळीत गेलंय आयुष्य. पुस्तकात गेलं नाही." अनघा ताटात बघत होती. मी दुसऱ्यांदा भात घेतला.

पुढच्या रविवारी दुपारी सुगंधाला व्हिडिओ फोन केला. तिकडे संध्याकाळ होती. ती ओटीवर सुके बोंबील मोजत होती. फोन भिंतीला टेकवून ठेवलेला, हात चालू. मला बोलू देईना. "थांब गो ताई, मोजणी मोडेल." मग तिचा हात मला दिसत राहिला. अठ्ठ्याण्णव, नव्व्याण्णव, शंभर. एक काडी बाजूला ठेवली. मग न बोलता चार बोंबील उचलून त्याच ढिगावर टाकले. आणि परत, लाभ.

बायांनो, तुम्हाला हे सांगायला नको, पण इकडच्यांसाठी सांगते. आमच्या वाळूवर शेकड्यावर चार वर द्यायचे असतात. घेणारीचा हक्क. ते चार कुणी मोजत नाही. माझ्या हातानं ते साठ वर्षं केलं. हात करतो, डोक्याला विचारत नाही.

मी फोन ठेवला आणि खोलीत जाऊन माझा एक कागद काढला. तो तीनशे आठवाला. बोटानं एकेक टिंब मोजत गेले, चार वर न देता. तीनशे वीस. टिंबं सगळ्या पिल्लांवर होती. डोळ्यांनी एकही सोडलं नव्हतं. शंभर झाले की चार पिल्लं मी फुकट दिली होती, कुणाला ते माहीत नाही.

म्हणजे अनघा पहिल्यापासून बरोबर होती.

कागद गादीखाली सरकवला आणि लसूण सोलायला घेतला. तेव्हा पलीकडे ती प्रशांतशी बोलत होती, ते ऐकू आलं.

"माझी नजरच चुकतेय रे. म्हणजे मागच्या तीन वर्षांची मोजणीही चुकीची असणार. मी उद्या सकाळी सरांना लिहून कळवतेय."

"अगं, त्यांनी काम काढून घेतलं तर?"

"घेतील. घ्यायलाच पाहिजे. चुकीचे आकडे देत बसू का?"

मला फक्त गप्प बसायचं होतं. उद्या सकाळी ती लिहिणार आणि तो समुद्र तिच्याही हातून जाणार. मग आम्ही दोघी खिडकीतून आगगाडी बघू. हे माझ्या मनात आलं, आणि ते बराच वेळ मनात राहिलं. मी जेवले, भांडी घासली, रेवाची वेणी घातली. ती म्हणाली, "आजी, यू आर पुलिंग इट!" मी हात सैल केला.

मला कुणाची दया आली नाही. अनघाची तर नाहीच. पण मोजणीत खोटं राहू द्यायचं म्हणजे काय, ते माझ्यानं गिळवेना. वाळूवर एखादीनं मोजताना हात मारला तर तिच्या पाटीशी परत कुणी उभं राहत नाही. इथे तर मी माझ्याच घरात हात मारला होता, आणि दुसरी बाई त्याचा दोष स्वतःवर घेऊन चालली होती.

सकाळी ती चहा घेऊन कॉम्प्युटरसमोर बसली. पत्र उघडलेलं होतं. मी तो कागद तिच्या पुढ्यात टाकला.

"टिंबं मोज."

"काय झालं, आई?"

"मोज म्हटलं ना. मग खालचा आकडा बघ."

तिनं मोजली. परत मोजली. मग माझ्याकडे बघितलं. मी शेकड्यावरच्या चारांचं सांगितलं. तिथे थांबले असते तरी चाललं असतं, पण कालच कळलं होतं हेही सांगितलं.

ती खुर्ची मागे सारून उठली.

"काल कळलं? काल? आणि काल मी प्रशांतशी बोलत होते तेव्हा तुम्ही कुठे होतात?"

"इथेच. लसूण सोलत."

"आठवडाभर मी स्वतःला आंधळी समजतेय! अकरा कागदांवरची बरोबर टिंबं पुसलीत मी! तुमच्यामुळे! आणि तुम्ही लसूण सोलत होतात?"

प्रशांत वरून पायजम्यात धावत आला. "अनघा, अगं, आई आहे ती, जाऊ दे."

"तू मधे पडू नकोस!" हे आम्ही दोघी एकदमच म्हणालो. रेवा जिन्यात बसून बघत होती.

ती दोन दिवस माझ्याशी बोलली नाही. ताट वाढायची आणि ताटाशी बोलायची. मीही माफी मागितली नाही. मला तो शब्द वापरता येत नाही, आणि ती मागतही नव्हती. तिसऱ्या दिवशी तिनं कागदांचा गठ्ठा माझ्या टोकाला आदळला.

"पहिल्यापासून. आणि कुणाला काही वर द्यायचं नाही."

"आणि हात गेला तर?"

"गेला तर मी ओरडेन."

ती आपली पुसलेली टिंबं परत घालत होती आणि मी शंभरावर थांबून हाताला दरवेळी आवरत होते. हे सोपं नसतं. एकदा हात गेलाच. ती ओरडली.

तीन आठवड्यांनी एका गुरुवारी आकडे गेले. माझी चूकही तिनं लिहून कळवली. माझ्या नावानं नाही, 'दुसऱ्या मोजणारीच्या सवयीमुळे' असं. काम तिच्याकडेच राहिलं. मी विचारलं, "मग आता पिल्लं वाढली का? माझी चार चार आली ना परत?" तिनं जुन्या वर्षाचा फोटो उघडला. तोच खडक. खडक दिसतच नव्हता, इतकी होती. मग आताचा उघडला. माझी वरची चार घालूनही दगड दिसत होता. मी पुष्कळ वेळ तो दगड बघितला. हर्णैला आम्हीही म्हणतो मासळी कमी झाली, आणि एकमेकींना सांगतो की यंदा वाराच असा. कुणी जुनी रास आणि नवी रास शेजारी ठेवून दाखवत नाही.

मत्सर गेला का? नाही गेला. तिला वाचता येतं ते मला येत नाही. तिच्याजवळ चाळीस वर्षं आहेत, माझ्याजवळ नाहीत. त्या काळ्या म्हातारीचं नाव निघालं की अजून माझं तोंड कडू होतं. सुगंधा फोनवर आनंदात दिसली की मी फोन लवकर ठेवते.

पण एक सांगते. पहिलं वर्षभर या घरात मला कुणी एक वाकडा शब्द बोललं नव्हतं. आई, तुम्ही बसा. आई, चहा घ्या. आई, तुम्हाला थंडी वाजतेय का. पाहुणीशी असंच बोलतात. पाहुणीवर कुणी ओरडत नाही, तिच्यासमोर कागद आदळत नाही. हर्णैच्या घरात माझ्यावर सासू ओरडली, नवरा ओरडला, सुगंधा तर रोज. ते घर होतं. त्या सोमवारी सकाळी सात वाजता या घराचा दरवाजा मला उघडला, आणि मी आत आले ते शिव्या खात.

आता पाच किलोमीटरचा नियम राहिला नाही. मला समुद्र दाखवून आणलं. थंड आहे, वास वेगळा आहे, आपल्यासारखा नाही. विमानंही सुरू झाली आहेत. प्रशांत मागच्या आठवड्यात म्हणाला, "आई, तिकीट बघू का?" मी म्हटलं, बघ. तारीख मात्र अजून सांगितलेली नाही, कारण यंदाच्या विणीचे फोटो आलेत. काल अनघानं ते टेबलावर पसरले आणि मी त्यांच्यावर ओला पेला ठेवला.

"आई! डोळे कुठे आहेत तुमचे?"

"तुझ्या पसाऱ्यात हरवलेत! पेला ठेवू कुठे, डोक्यावर?"

तिनं पेला उचलला, कागद पदरानं पुसावा तसा बाहीनं पुसला, आणि पेन्सिल माझ्याकडे सरकवली.